जॉन स्टुअर्ट मिल आणि मनाची मशागत

शरीराची निगा कशी राखावी हें आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें. दांत घासावे, स्वच्छ पाणी प्यावें, वेळेवर निजावें, मैदानावर घाम गाळावा, हे पाठ वर्गांत व घरीं नित्य होतात. मनाची निगा हा विषय मात्र वेळापत्रकांत क्वचितच सांपडतो. मन आपोआप ठीक राहतें, आणि हुशार मुलाचें मन तर अधिकच ठीक असतें, असें आपण गृहीत धरून चालतों. हा समज किती फोल आहे हें एका अत्यंत बुद्धिमान पुरुषाच्या चरित्रावरून कळून येतें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल याचें तें चरित्र होय. त्याचे ग्रंथ आमचे विद्यार्थी पुढें महाविद्यालयांत वाचतीलच. त्याच्या आयुष्यांतील जो भाग शाळेंत असतांनाच जाणून घ्यावा, आणि जो पालकांनींहि लक्षांत ठेवावा, असें आम्हांस वाटतें, तो येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जॉनचा जन्म २० मे १८०६ रोजीं लंडन शहराच्या पेंटनव्हिल या भागांत झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत थोरला. त्याचे वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधील जोडे शिवणाऱ्या एका कारागिराचे पुत्र असून केवळ विद्वत्तेच्या बळावर वर आलेले होते. लेखणीवर संसार चालवीत असतांनाच त्यांनीं हिंदुस्थानचा एक मोठा इतिहास लिहावयास घेतला. हिंदुस्थानांत त्यांनीं कधीं पाऊल ठेविलें नव्हतें. तरी तो ग्रंथ १८१८ सालीं, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळें पुढील वर्षीं त्यांस ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत नोकरी मिळाली.

हा इतिहास लिहीत असतांना त्यांनीं आणखी एक काम अंगावर घेतलें होतें. तें म्हणजे थोरल्या मुलाचें शिक्षण. जॉनला त्यांनीं शाळेंत घातलें नाहीं, स्वतःच शिकविलें. तिसऱ्या वर्षीं ग्रीक भाषेचा आरंभ झाला. चिठ्ठ्यांवर ग्रीक शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ लिहून ते मुलाकडून पाठ करवून घेतले जात. बापलेक एकाच मेजाशीं बसत. वडील इतिहास लिहीत आणि मुलगा ग्रीक वाची. त्या वेळचे ग्रीक कोश लॅटिन भाषेंत अर्थ देत आणि लॅटिन तर मुलास अजून येत नव्हती. म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांस विचारी. स्वभावानें अधीर असलेल्या जेम्स मिल यांनीं हा व्यत्यय वर्षानुवर्षें सोसला. आठव्या वर्षीं लॅटिन, सुमारें बाराव्या वर्षीं तर्कशास्त्र, तेराव्या वर्षीं अर्थशास्त्र, असा अभ्यास वाढत गेला. स्वतः शिकलेलें धाकट्या भावंडांस शिकवावयाचें, आणि त्यांचे धडे कच्चे राहिले तर बोलणीं मात्र जॉननें खावयाचीं, अशी त्या घरची रीत होती.

रोज सकाळीं न्याहारीपूर्वीं बापलेक गांवाबाहेरच्या हिरव्या वाटांनीं फिरावयास जात. आदल्या दिवशीं वाचलेल्या पुस्तकांतील मुद्दे जॉन कागदाच्या चिटोऱ्यांवर टिपून ठेवी आणि त्यांच्या आधारानें चालतां चालतां वडिलांस सर्व वृत्तांत सांगे. असा वाचनाचा हिशेब दररोज घेतला जाई. मनाचा हिशेब घेण्याची चाल मात्र त्या घरांत नव्हती.

या शिक्षणाविषयीं एकांगी बोलणें अन्यायाचें होईल. जेम्स मिल यांस घोकंपट्टी आवडत नसे. जें स्वतः विचार करून शोधतां येईल तें ते मुलास आधीं सांगत नसत. आपण इतर मुलांच्या फार पुढें आहों याची जॉनला कल्पनाहि नव्हती. चौदाव्या वर्षीं तो परदेशीं निघाला तेव्हां वडिलांनीं त्यास बजावून सांगितलें कीं, इतरांहून तुला अधिक येत असेल तर तो तुझा पराक्रम नव्हे. शिकविण्यास समर्थ व राजी असा पिता लाभला हें तुझें भाग्य. या शिक्षणाबद्दल जॉननें पुढें जन्मभर कृतज्ञता बाळगिली. पण त्यानें त्यांतील उणीवहि लपविली नाहीं. त्या घरांत सुटी म्हणून कांहीं नव्हती, कारण सुटीनें कामाची संवय मोडते असें वडिलांचें मत. समवयस्क सवंगडी नव्हते. हातांनीं करावयाच्या साध्या कामांत तो नेहमींच अडखळे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, वडिलांविषयीं त्यास आदर होता, निष्ठा होती, पण आदरांत भीति मिसळलेली होती. जेम्स मिल यांस मुलांविषयीं माया नव्हती असें नाहीं. ती दाखविणें त्यांस ठाऊक नव्हतें. हृदयाचे उमाळे म्हणजे दुबळेपणा अशी त्यांची समजूत होती.

१८२० सालीं जॉनला फ्रान्समध्यें एक वर्षभर राहण्याची संधि मिळाली. वडिलांचे स्नेही, प्रख्यात विधिशास्त्रज्ञ जेरेमी बेंथॅम, यांचे बंधु सॅम्युएल यांच्या कुटुंबांत तो राहिला. तेथें अभ्यास होताच, पण त्याखेरीज पिरेनीज पर्वताचें दर्शन होतें, मोकळें हसणें बोलणें होतें, आणि रानावनांतून वनस्पति गोळा करण्याचा छंद होता. हा छंद त्यास सॅम्युएल यांचे चिरंजीव जॉर्ज यांच्या संगतीनें लागला. हे जॉर्ज बेंथॅम पुढें मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले. पुस्तकांच्या ओझ्याखालीं वाढलेल्या मुलाच्या हातीं त्या वर्षीं रानफूल आलें, आणि तें त्यानें पुढें कधीं सोडलें नाहीं.

परत आल्यावर जॉननें बेंथॅम यांचे ग्रंथ वाचले. अधिकांत अधिक लोकांचें अधिकांत अधिक सुख साधावें, हें तत्त्व त्याच्या मनांत ठसलें आणि जगाची सुधारणा करणें हेंच आपलें जीवितकार्य असें त्यानें ठरविलें. १८२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो वडिलांच्याच हाताखालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत लागला. कचेरी सुटल्यावर मासिकांसाठीं लेख, वादसभांतील भाषणें, मित्रांबरोबर तत्त्वज्ञानाचें वाचन, जर्मन भाषेचा अभ्यास, हें सर्व चाले. त्याच सुमारास बेंथॅम यांच्या पुराव्याच्या कायद्यावरील विस्कळित हस्तलिखितांची जुळणी करून त्यांचा ग्रंथ तयार करण्याचें काम या विशीच्या आंतील तरुणानें पत्करिलें. तो ग्रंथ १८२७ सालीं पांच खंडांत प्रसिद्ध झाला. पाहणारांस वाटे, केवढी ही कर्तबगारी! आंत काय चाललें आहे हें कोणास दिसत नव्हतें, आणि त्यासहि दिसत नव्हतें.

१८२६ सालच्या शरदांत त्याचें मन एकाएकीं मंदावलें. पूर्वीं ज्या गोष्टींनीं आनंद होई त्या बेचव झाल्या. अशा स्थितींत एके दिवशीं त्यानें स्वतःस एक प्रश्न विचारला. समाजांत ज्या ज्या सुधारणा व्हाव्या असें आपणांस वाटतें त्या सर्व या क्षणीं घडून आल्या, तर आपण सुखी होऊं काय? आणि आंतून निःसंदिग्ध उत्तर आलें कीं, नाहीं. ज्या पायावर आयुष्याची इमारत उभी केली होती तो पायाच खचला. झोंपेनें हें जाईल असें त्यास वाटलें, पण सकाळीं जाग येतांच तें पुन्हा उशाशीं हजर असे. आवडते ग्रंथ उघडून पाहिले. त्यांतील शब्द कळत, पण मनास कांहीं शिवत नसे.

हें दुःख त्यानें कोणास सांगितलें नाहीं. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. घरांत आठ भावंडें होतीं, आई होती, रोज एकाच कचेरींत बसणारे वडील होते, वादसभेंतील मित्र होते. तरी ज्याच्यापाशीं मन मोकळें करावें असें एकहि माणूस त्यास आढळलें नाहीं. वडिलांपाशीं जावें ही कल्पनाच त्यास अशक्य वाटली. त्यांस हें दुखणें समजणार नाहीं, आणि समजलें तरी ते त्यावर औषध देऊं शकणार नाहींत. उलट आपली सारी मेहनत वायां गेली असें वाटून त्यांस मात्र क्लेश होतील, असें त्यानें धरलें. वडिलांस दुःख होऊं नये म्हणून मुलानें आपलें दुःख गिळलें. असें आजहि किती घरांत घडत असेल!

कामें मात्र थांबलीं नाहींत. इतक्या वर्षांची संवय अंगांत मुरलेली होती, म्हणून कचेरीचीं कागदपत्रें लिहिलीं जात होतीं, सभेंत भाषणें होत होतीं. तीं कशीं झालीं हें त्यास पुढें आठवेना. त्या हिंवाळ्यांत त्यानें मनाशीं हिशेब केला कीं, असें जिणें फार तर एक वर्ष आपल्याच्यानें कंठवेल, अधिक नाहीं.

सुमारें सहा महिने असे गेल्यावर एके दिवशीं त्याच्या हातीं मार्मोंतेल नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींचें पुस्तक आलें. त्यांत लेखकानें आपल्या पित्याच्या मृत्यूचा प्रसंग वर्णिला आहे. सारें कुटुंब दुःखांत बुडालेलें असतां त्या वेळीं अगदीं कोंवळ्या वयाच्या या मुलास एकदम धीर आला, आणि गेलेल्याची उणीव मीच भरून काढीन असें त्यास व त्याच्यामुळें घरच्या मंडळींस वाटलें. हें वाचतां वाचतां मिलच्या डोळ्यांस पाणी आलें. त्या क्षणापासून त्याचें ओझें हलकें होऊं लागलें. आपण दगड झालों नाहीं, आपल्या ठायीं भावना अजून जिवंत आहे, हें त्यास त्या आसवांनीं कळविलें. हळूहळू ऊन, आकाश, पुस्तकें, संभाषण यांत त्यास थोडथोडी गोडी वाटूं लागली. दुखणें एकदम गेलें नाहीं. तें पुढें अनेकदां उलटलें, आणि एखादे वेळीं महिनोन् महिने राहिलें. पण पहिल्याइतकें भयंकर तें पुन्हा कधीं झालें नाहीं.

अशा अस्वस्थ मनाच्या चिंता कशा असतात याचा एक मासला त्यानेंच नमूद करून ठेविला आहे. संगीत त्यास फार प्रिय होतें. परंतु सप्तकांत स्वर मोजकेच, त्यांचे सुंदर मेळहि मोजकेच. ते एके दिवशीं सर्व संपून गेले तर पुढें नवें संगीत येणार कोठून, या विचारानें तो त्या काळांत खरोखर हैराण झाला होता. आज आपणांस याचें हसूं येतें, आणि पुढें त्यासहि आलें असावें. पण चिंतेच्या भरांत असलेल्या माणसास ती चिंता खोटी वाटत नाहीं, हें आपण ध्यानांत ठेविलें पाहिजे.

या संकटांतून मिलनें दोन गोष्टी शिकून घेतल्या. पहिली ही कीं, सुखाच्या मागें थेट धांवून सुख मिळत नाहीं. दुसऱ्याचें हित, एखादी कला, एखादें आवडीचें कार्य यांवर दृष्टि ठेवून चालणारास तें वाटेंत आपोआप भेटतें. आपण सुखी आहों कीं नाहीं असें घडोघडीं विचारीत बसलें कीं तें निसटतें. दुसरी गोष्ट ही कीं, बुद्धीची मशागत जितकी अगत्याची तितकीच भावनेचीहि आहे. वडिलांनीं त्याची बुद्धि पाजळून पाजळून धारदार केली होती; पण प्रत्येक गोष्टीचें पृथक्करण करण्याची संवय एकटीच वाढली म्हणजे ती भावनेचीं मुळें कुरतडते, असें त्यास कळून चुकलें. बुद्धि टाकावी असें तो म्हणाला नाहीं. तिच्या जोडीला दुसरें कांहीं हवें असें म्हणाला.

तें दुसरें त्यास काव्यांत सांपडलें. प्रथम त्यानें बायरनच्या कविता वाचून पाहिल्या, पण त्या कवीचा विषाद त्याच्या स्वतःच्याच विषादासारखा असल्यामुळें उपयोग झाला नाहीं. १८२८ सालच्या शरदांत त्यानें वर्ड्‌स्वर्थच्या कविता उघडल्या. डोंगर, ओढे, साधीं माणसें आणि त्यांना पाहून मनास येणारी प्रसन्नता हा त्यांचा विषय. हें सुख मिळविण्यास कोणाशीं झगडावें लागत नाहीं, तें सर्वांस वांटून घेतां येतें, आणि जगांतील दुःखें दूर झालीं तरी तें संपत नाहीं, असें पाहून त्याच्या त्या जुन्या भयंकर प्रश्नास उत्तर मिळालें.

यापुढें मिलनें आपल्या दिनक्रमांत जी व्यवस्था ठेविली ती आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावी. कंपनीच्या कचेरींत त्यानें ३५ वर्षें नोकरी केली. हिंदी संस्थानांशीं संबंध असलेल्या पत्रव्यवहाराचे मसुदे करणें हें त्यांपैकीं वीसांहून अधिक वर्षें त्याचें काम होतें. या कामास तो कंटाळवाणी चाकरी न मानतां, दिवसांतून दोन निरनिराळ्या प्रकारचीं कामें केल्यानें एकाची दुसऱ्यास विश्रांति होते, असें मानी. केन्सिंग्टन येथील घरापासून कचेरीपर्यंत तो पायीं जाई. रविवारीं गांवाबाहेर दूरवर चालावयाचें, वार्षिक रजेंत मित्रांसह पायीं प्रवास करावयाचा, वाटेंत वनस्पति गोळा करावयाच्या, घरीं आल्यावर त्या दाबून, सुकवून, नांवें लावून ठेवावयाच्या, असा त्याचा नेम असे. फ्रान्सच्या रानांत चौदाव्या वर्षीं लागलेला छंद असा उपयोगी पडला. पियानोहि तो स्वतःच्या आनंदासाठीं वाजवी. १८३६ सालीं वडील वारले, आणि त्या सुमारास अतिश्रमानें त्याची प्रकृति बिघडली. तेव्हां त्यानें रजा घेऊन स्वित्झर्लंड व इटलीचा प्रवास केला. विसांव्यास आळस समजणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसानें विसांवा घेण्यास शिकावें, हा विजय लहान नव्हे.

अशा रीतीनें जपलेल्या मनानें मोठें कार्य केलें. १८४३ सालीं तर्कशास्त्रावरील, १८४८ सालीं अर्थशास्त्रावरील, १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आणि १८६९ सालीं स्त्रियांच्या परवशतेवरील असे त्याचे प्रसिद्ध ग्रंथ निघाले. १८६५ ते १८६८ पर्यंत तो पार्लमेंटचा सभासद होता आणि स्त्रियांस मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तेथें झगडला. महाराष्ट्रांतहि गोपाळ गणेश आगरकर व त्यांच्या पिढीतील अनेक विद्वानांच्या विचारांवर मिलच्या ग्रंथांचा खोल ठसा उमटला.

दुःख त्यास पुन्हा भेटलेंच. १८५१ सालीं हॅरिएट टेलर या बुद्धिमान स्त्रीशीं त्याचा विवाह झाला होता. ती १८५८ सालीं फ्रान्समधील आविन्यों शहरीं प्रवासांत असतां वारली. मिलनें तिच्या समाधीजवळ एक लहान घर घेतलें आणि पुढें तो दरवर्षीं कांहीं महिने तेथें राहूं लागला. पण या वेळीं तो पूर्वींसारखा एकाकी कोंडून बसला नाहीं. हॅरिएटची मुलगी हेलन त्याच्या सोबतीस होती. लेखन चालू होतें. आणि आविन्योंच्या परिसरांत वनस्पति शोधावयास त्यास एक समानधर्मी मित्र लाभला होता. हा मित्र म्हणजे कीटकांच्या जीवनावरील लेखनानें पुढें जगप्रसिद्ध झालेला झां आंरी फाब्र. अखेरच्या आजाराच्या अगदीं थोडे दिवस आधीं ६६ वर्षांचा मिल त्याच्याबरोबर रानफुलांच्या शोधांत मैलोगणती पायीं हिंडला होता. ७ मे १८७३ रोजीं आविन्यों येथें त्याचा अंत झाला. त्याच वर्षीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, आणि आपल्या विसाव्या वर्षींची ती अंधारी वाट त्यानें त्यांत मोकळेपणानें सांगितली आहे, हें जगास कळलें. तरुणपणीं जें एकासहि सांगवलें नाहीं, तें त्यानें सर्वांसाठीं लिहून ठेविलें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस तीन वर्षांचे असतांना कोणीं ग्रीक शिकविली नसेल. पण परीक्षा, शिकवण्या, स्पर्धा आणि इतरांशीं होणारी तुलना यांचें ओझें तुम्हांसहि आहे. अभ्यास टाळावा असें या चरित्रावरून निघत नाहीं. मिलला त्याच्या अंधाऱ्या दिवसांत कामाच्या संवयीनेंच उभें धरलें होतें. पण ज्यास गुण मिळत नाहींत असें एक तरी काम तुमच्या दिवसांत असूं द्या. झाड लावा, पेटी वाजवा, पायीं हिंडा, आवडीची कविता वाचा. आणि मन कित्येक दिवस उदास राहिलें, झोंप, भूक व गोडी उडाली, तर मिलप्रमाणें एकट्यानें सोसूं नका. आईस सांगा, वडिलांस सांगा, शिक्षकांस सांगा. अशी उदासीनता दोन आठवडे टिकली तर तो आजार असूं शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि ते डॉक्टरांकडे मिळतात. मिलच्या काळीं ही सोय नव्हती, आज आहे.

पालकांस आम्ही फारसें काय सांगावें? जेम्स मिल हे वाईट पिते नव्हते. आपल्या मुलासाठीं त्यांच्याइतके कष्ट फारच थोड्यांनीं उपसले असतील. त्यांनीं रोज सकाळीं मुलास बरोबर घेऊन फेरफटका केला आणि काल काय वाचलेंस हें रोज विचारलें. त्याच वाटेवर, त्याच मुलास, आज तुला बरें वाटतें ना, एवढेंच एखादे दिवशीं विचारावयाचें राहून गेलें.